डबल द्यावा की गप्प बसावे

नाशिक, रविवार.

काल संध्याकाळी ब्रिजच्या पेअर्समध्ये, म्हणजे तेच पत्ते सगळ्या टेबलांवर जोड्यांनी खेळायच्या स्पर्धेत, मी दोन डावांत डबलचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची बोली पडेल म्हणून पैज वाढवण्याचा, निर्णय चुकवला. पहिल्या डावात द्यायला हवा होता तो डबल दिला नाही आणि दुसऱ्यात, बहुधा पहिल्याच्याच चडफडीतून, देऊ नये तो दिला. रात्री गंगापूर रोडने घरी येताना दुसरीच चूक मनाला टोचत होती, कारण तिचा आकडा मोठा होता; आज सकाळी मिसळ खाताना माझे भिडू नाना यांनी मात्र पहिलीच अधिक गंभीर ठरवली.

पहिल्या डावात प्रतिस्पर्धी व्हल्नरेबल होते, म्हणजे पडले तर त्यांना दंड जास्त होता; आम्ही नव्हतो. डावीकडून १ इस्पिक, नानांचे २ बदाम, उजवीकडून २ इस्पिक, माझे ३ बदाम, पुन्हा डावीकडून ३ इस्पिक आणि मग दोन पास होऊन बोली माझ्याकडे आली. माझ्याजवळ राजासह चार बदाम, चौकटचा एक्का आणि तीन बारीक इस्पिक होते. एवढ्यावर डबल कसा द्यायचा, या विचाराने मी पास म्हटले. डाव एका हाताने डाऊन गेला, म्हणजे बोलीपेक्षा त्यांचा एक हात कमी झाला, आम्हाला १०० मिळाले आणि मी समाधानाने पुढचे पत्ते उचलले. निकालाचा कागद पाहिल्यावर कळले की बहुतेक टेबलांवर आमच्या दिशेच्या जोड्यांनी ३ बदाम करून १४० घेतले होते. म्हणजे डाव पाडूनही आम्ही जवळजवळ तळाला होतो.

नानांचे म्हणणे असे की, ज्या क्षणी ३ इस्पिकची बोली झाली त्याच क्षणी आमचे १४० गेले होते आणि १०० मिळणे व काहीच न मिळणे यांत मॅचपॉइंटच्या, म्हणजे इतर टेबलांपेक्षा वर की खाली एवढ्याच तुलनेच्या, दृष्टीने फारसा फरक उरला नव्हता. व्हल्नरेबल प्रतिस्पर्धी डबलमध्ये एका हाताने पडले की २०० मिळतात आणि २०० नेहमीच्या कोणत्याही पार्टस्कोरपेक्षा, म्हणजे लहान बोली पुरी केल्याच्या गुणांपेक्षा, मोठे असतात. डाव झाला असता तर ७३० गेले असते हे खरे. पण डबलविना झालेला डावही आम्हाला खालीच नेणार होता, आणि मॅचपॉइंटमध्ये तळाच्या खाली आणखी तळ नसतो. शिवाय ज्याँ-रने व्हेर्न या फ्रेंच अभ्यासकाने १९६९ मध्ये मांडलेला ठोकताळा मला पाठ आहे: दोन्ही बाजूंच्या सर्वांत लांब रंगांतील पत्त्यांची बेरीज आणि दोन्ही बाजूंना मिळू शकणाऱ्या एकूण हातांची बेरीज साधारण सारखी असते. आमचे बदाम नऊ, त्यांचे इस्पिक आठ, एकूण सतरा. आमचे नऊ हात होत असतील, तर त्यांचे आठच व्हायला हवेत, आणि ३ इस्पिकला नऊ लागतात. हे गणित टेबलावर करायला मला अर्धा मिनिट लागला असता, पण मी हातातले गुण मोजत बसलो. नाशिककर गोदावरीचा पूर पावसाच्या मिलिमीटरवर मोजत नाही, तो पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आले ते विचारतो. एवढी साधी रीत मला पत्त्यांत साधली नाही.

दुसऱ्या डावात कोणीच व्हल्नरेबल नव्हते. बोली १ बदाम, ३ बदाम, ४ बदाम अशी सरळ चढली. माझ्याकडे किल्वरचे एक्का-राजा, चौकटचा एक्का आणि हुकमात राणी, दश्शी, सत्ती. तीन हात पक्के, चौथा राणीचा, असे धरून मी डबल दिला. खेळणाऱ्याच्या हातात हुकमाचे एक्का, राजा, गुलाम, अठ्ठी, पंजी होते आणि डमीत, म्हणजे त्याच्या भिडूच्या उघड्या मांडलेल्या पत्त्यांत, चार बारीक पत्ते. नऊ हुकूम असले की एरवी एक्का-राजा ओढून राणी पडते का, ते पाहायचे असते, आणि तसे झाले असते तर माझी राणी वाचली असती. पण डबल ऐकल्यावर त्याने एक्का ओढून नानांची चौकी पडलेली पाहिली, डमीत जाऊन हुकूम खेळला, मी सत्ती टाकल्यावर शांतपणे गुलाम लावला आणि ५९० लिहून घेतले. इतर टेबलांवर तोच डाव डबलविना एका हाताने पडला होता. मेंढीकोटात झाकून ठेवलेला बंद हुकूम आपणच उलटून दाखवावा, तसा हा प्रकार झाला. तोही कशासाठी, तर ५० चे १०० व्हावेत म्हणून! नाना एवढेच म्हणाले, "अरे, तुझी राणी डबल न देताच हात घेणार होती. तिला बोलायला कशाला लावलेस?"

पुढच्या आठवड्यात टीमचा सामना आहे, म्हणून मी घरी येऊन पहिला डाव आयएमपीच्या, म्हणजे दोन टेबलांवरील गुणांच्या फरकावरून टीमला मिळणाऱ्या गुणांच्या, तक्त्यावर पुन्हा मांडला. दुसऱ्या टेबलावर आमच्या विरोधात १४० गेले असे धरले, तर डबल न देता १०० घेतल्यास एक आयएमपी जातो आणि डबलने २०० घेतल्यास दोन मिळतात. म्हणजे फायदा तीनचा. डाव झाला तर डबलविना सात जातात आणि डबलसह तेरा. म्हणजे तोटा सहाचा. तीनपैकी दोन वेळा डाव पडेल अशी खात्री असेल तरच बरोबरी होते, आणि तेवढी खात्री माझ्या तीन बारीक इस्पिकांना पाहून मला तरी होत नाही. दुपारी फोनवर हे नानांना सांगितले. ते म्हणाले, "टीममध्येही मी डबलच देईन." मी म्हटले, "नाना, तुम्ही द्या. मी त्या जागी पासच म्हणेन." यावर ते बराच वेळ गप्प होते आणि मग त्यांनी माझी तिसरी इस्पिक कोणती होती, ते विचारले.