आत्याचा पहिला पब

लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्टेशनातून गाडी सुटली आणि आत्याची मुलखाची गाऱ्हाणी संपायच्या आत सेंट ऑल्बन्स आलं. कथीड्रल पाहिलं. मनोऱ्याच्या विटा रोमन काळातल्या, शेजारच्या व्हेरुलेमियम या पडक्या रोमन शहरातून उचलून आणलेल्या. आतलं दालन मात्र संपता संपेना. आत्याचे गुडघे बोलायला लागले.

उतरणीने व्हेर नदीकडे निघालो की 'यी ओल्ड फायटिंग कॉक्स' लागतो. पब अष्टकोनी आहे, कारण हा मूळचा कबुतरखाना, कथीड्रलच्या जागी पूर्वी जो मठ होता त्याचा. १५३९ साली मठ बंद झाल्यावर त्याचा लाकडी सांगाडा इथे आणून उभा केला. आत्या दादरची. "म्हणजे इथेही मोक्याची जागा कबुतरांनाच!" म्हणाली.

दारात मात्र थबकली. तिच्या हिशेबी बार म्हणजे काळ्या काचांची परमिट रूम. कसंबसं आत नेलं. तुळया इतक्या खाली की उंच माणसाने नम्र व्हावंच. कोपऱ्यात एक आजीबाई अर्धा पाइंट घेऊन बसल्या होत्या, पायाशी भिजलेला कुत्रा. मी कोणती एल (इथली पारंपरिक बिअर) घ्यावी म्हणून घुटमळलो, तर काउंटरवरच्या पोराने दांडा ओढून घोटभर ओतली, "आधी चाखून बघा." आपल्याकडे आंबेवालासुद्धा हल्ली फोड देत नाही. एल बर्फासारखी गार नसते, तळघराइतकीच थंड, आणि मला ती तशीच आवडली. अशा पिंपातल्या बिअरची परंपरा टिकावी म्हणून १९७१ मध्ये सुरू झालेल्या कॅम्रा चळवळीचं मुख्यालयही याच गावात आहे.

इंग्लंडमधला सर्वांत जुना पब म्हणून याची गिनीज बुकात नोंद होती. पुरावा देता येत नाही म्हणून २००० साली तो प्रकारच काढून टाकला. बरं झालं. नाहीतर सेल्फीवाल्यांनी बसू दिलं नसतं.

तोवर आत्या जिंजर बिअर घेऊन ("यात दारू नाही ना रे?") आजीबाईंच्या टेबलावर पोचली होती. नावातल्या कोंबड्यांवरून विषय निघाला. इथे पूर्वी खरंच झुंजी लावायचे. मग काय, मालवणकडे अजून चोरून कशा लावतात, पायाला काती, म्हणजे धारदार पातं, कशी बांधतात, सगळं हातवाऱ्यांसकट. आजीबाई मान डोलावत होत्या, कुत्रा आत्याच्या पर्सवर डोकं ठेवून झोपला होता. तिने पर्स काढली नाही. मी आणखी अर्धा पाइंट घेतला.

पुढे केंब्रिज झालं, गर्दी फार. ऑक्सफर्डला पोचल्यावर आत्याच म्हणाली, "जेवायला पबच बघ. कुत्रेवाला."