ग्वेन चांगलीच होती, पण पीटरचं जमतं ते एमजेशीच

माझं मत आधीच सांगून टाकतो, स्पायडर मॅनच्या कॉमिक्समधल्या पीटर पार्करला, म्हणजे मास्कमागच्या त्या पोराला, शोभते ती मेरी जेन म्हणजे एमजेच. त्याची आधीची प्रेयसी ग्वेन स्टेसी मला आवडते, ती मेली तो अंक आजही काढला की पोटात कालवतं, पण एखादी आवडणं वेगळं आणि जोडी जमणं वेगळं. परवा सोलापुरात कंबर तलावाच्या कट्ट्यावर मित्राशी यावरून जोरात वाजलं. "काय बोलायलास बे, ग्वेनसारखी पोरगी परत झाली का त्यात कुणी?" असं म्हणून त्याने मला पुढं बोलूच दिलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडचे निम्मे ग्वेनवाले हे २०१२ च्या 'द अमेझिंग स्पायडर मॅन' पिक्चरमधल्या ग्वेनचे चाहते आहेत. त्या पिक्चरमध्ये पीटर स्वतः तिला सगळं सांगतो, ती त्याला मदत करते, लॅबमध्ये धावपळ करते. कॉमिक्समधल्या ग्वेनला मरेपर्यंत कळलं नाही की पीटरच स्पायडर मॅन आहे! हा फरक छोटा नाही, माझ्यासाठी सगळा वाद इथंच आहे.

आता स्थळं बघितल्यासारखं बघितलं तर ग्वेनच पास होणार हे मलाही मान्य आहे. पोलीस कॅप्टनची मुलगी, सायन्सची हुशार विद्यार्थिनी, पीटरच्याच कॉलेजात, कुठल्याही घरात लगेच होकार. आणि एमजे म्हणजे पार्ट्या, डान्स, मॉडेलिंग. पण स्थळ म्हणून आधी आली होती ती एमजेच. शेजारच्या ॲना वॉटसनच्या नात्यातली मुलगी, 'अमेझिंग स्पायडर मॅन' कॉमिकच्या १९६४ मधल्या १५ व्या अंकापासून पीटरला वाढवणारी मे काकू मागं लागलीय की एकदा भेट तरी आणि पीटर दर वेळी काहीतरी कारण काढून सटकतो, कारण काकूने कौतुक केलेली पोरगी म्हणजे कशी असणार हे त्याने मनातच ठरवून टाकलेलं. २५ व्या अंकात ती घरी येते तर आपल्याला चेहरा दिसू देत नाहीत. शेवटी नोव्हेंबर १९६६ च्या ४२ व्या अंकात चित्रकार जॉन रोमिटाने तिला दारात उभी केली, ते 'तुला जॅकपॉट लागलाय' वालं तिचं वाक्य तर सगळ्या चाहत्यांना पाठ आहे. दोन वर्षं वाचकाला थांबवून ठेवायचं आणि मग असं पान द्यायचं, मला अजून भारी वाटतं ते.

ग्वेनबद्दल एक कबूल करायला पाहिजे. १९६५ च्या ३१ व्या अंकात आधीचा चित्रकार स्टीव्ह डिटकोने काढलेली जी पहिली ग्वेन आहे ना, ती जबरदस्त होती. तोऱ्यातली, फटकळ. मे काकू दवाखान्यात असते, पीटरचं कशातच लक्ष नसतं, आणि ही चिडते की हा पोरगा माझ्याकडं बघतसुद्धा नाही म्हणजे काय. ती ग्वेन तशीच राहिली असती तर कदाचित मी आज दुसरंच लिहिलं असतं. पण डिटको कॉमिक सोडून गेला आणि हळूहळू तिला इतकी मऊ केली की मग रडणं आणि पीटर कुठं गायब झाला म्हणून काळजी करणं एवढंच तिच्या वाट्याला उरलं. यात त्या बिचारीचा दोष नाही, लिहिणाऱ्यांचा आहे.

मग १९७० चा ९० वा अंक. डॉक ऑक या व्हिलनशी मारामारीत वरून ढिगारा कोसळतो, एका लहान पोराला वाचवताना ग्वेनचा बाप कॅप्टन स्टेसी जातो, आणि जाता जाता पीटरला नावाने हाक मारतो, म्हणजे त्याला सगळं माहीत होतं! ग्वेनला सांभाळ असं सांगून तो मरतो. आणि ग्वेन? ती स्पायडर मॅनला वडिलांचा खुनी समजायला लागते. बापाला खरं माहीत आणि लेकीला नाही, आणि पीटर त्यानंतर रोज तिच्यासमोर बसून खोटं बोलतो, ती ज्याच्यावर प्रेम करते आणि ज्याचा द्वेष करते तो एकच माणूस. मित्र म्हणतो जगली असती तर कळलं असतं आणि तिने समजून घेतलं असतं. असेलही, पण ते आपण आपल्या मनाने भरतोय, पानावर ते कुठंच नाही.

१९७३ चा १२१ वा अंक, ग्रीन गॉब्लिन हा व्हिलन ग्वेनला पुलावरून खाली टाकतो, पीटर जाळ्याने तिला पकडतो, आणि तो मान मोडल्याचा बारीक अक्षरातला 'स्नॅप'. यावर सगळे बोलतात. मला मात्र पुढच्या, १२२ व्या अंकाचं शेवटचं पान जास्त महत्त्वाचं वाटतं आणि मित्राला मी तेच सांगत होतो. पीटर फुटलेला, एमजे भेटायला आलेली, आणि तो तिला वाट्टेल ते बोलतो, तुला कुणाचं काय पडलंय, तुझी आई मेली तरी तू रडणार नाहीस, जा इथून. ती दारापर्यंत जाते, रडतेय, थांबते, आणि दार आतून लावून घेते. जात नाही. पार्टीवाली पार्टीवाली म्हणून जिला सगळ्यांनी हलक्यात घेतलं तीच थांबते. लेखक गेरी कॉनवेने लिहिलंय हे, आणि त्याला स्वतःलाही ग्वेनपेक्षा एमजेच जास्त आवडायची.

पुढं १९७८ मध्ये पीटर लग्नाचं विचारतो तर ती सरळ नाही म्हणते. मला हे फार आवडतं, ग्वेनच्या जागेवर कुणीतरी पाहिजे म्हणून ती हो म्हणाली नाही. मग १९८४ मध्ये ती सांगते की मला कधीपासून माहीत आहे तू कोण आहेस, आणि २५९ व्या अंकात तिच्या घरची कहाणी येते, चिडका बाप, मोडलेलं घर, बहिणीला संकटात सोडून निघून आल्याची टोचणी. तेव्हा कळतं की हसणं-नाचणं हा तिचा मुखवटा होता. पीटर जोक मारत भिंतीवरून उड्या मारतो आणि आतून अंकल बेनच्या, म्हणजे मे काकूच्या नवऱ्याच्या, मरणाचं ओझं घेऊन फिरतो, ही पण तशीच. एकमेकांना काही समजावून सांगायची गरजच नाही, म्हणून म्हणतो जोडी ही आहे.

पीटरची आणखी एक प्रेयसी ब्लॅक कॅट, म्हणजे फेलिशिया, तिच्यावर मी वेळ घालवत नाही, तिला मास्कवाला पाहिजे होता, भाडं थकलेला पीटर नको होता.

१९८७ मध्ये मार्व्हल कंपनीने पीटर-एमजेचं लग्न लावलं आणि २००७ मध्ये मे काकूला वाचवायचं म्हणून मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा दाखवून ते लग्न झालंच नाही असं करून टाकलं. वीस वर्षांचा संसार पुसला! कारण काय तर लग्न झालेला हिरो म्हातारा वाटतो. माझा यावरचा राग अजून गेलेला नाही. आणि २०२४ मध्ये मार्व्हलनेच 'अल्टिमेट स्पायडर मॅन' ही नवीन, वेगळ्या विश्वातली मालिका काढली, ज्यात पीटरचं एमजेशी लग्न झालंय, दोन पोरं आहेत आणि त्यानंतर तो स्पायडर मॅन होतो, तर लोकांनी ती इतकी उचलली की पहिल्या अंकाच्या परत परत छपाया काढाव्या लागल्या. मग म्हातारा वाटतो म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं, आणि आमच्या ग्वेनवाल्यानेही ती वाचून मगच माझ्याशी भांडायला यावं.