वास येतोय म्हणे

मंगळवार, रात्री उशिरा

वैशाली आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "अगं, काय सुंदर वास येतोय घरात!" मी नुसती मान डोलावली. मला काहीही येत नव्हता. सुगंधी मेणबत्ती केव्हाची तेवत होती, मी तिच्याच शेजारी बसले होते आणि माझ्या नाकाला घर रोजच्यासारखंच होतं.

एवढीशी गोष्ट, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. इतकी पारखून घेतलेली महागाची वस्तू, आणि तिचं सुख मिळतं कुणाला? जो दोन मिनिटांसाठी दारात उभा राहतो त्याला. राखण करायची आपण, वात कातरायची आपण.

कारण माहीत नसतं तर बरं झालं असतं. सारखा येणारा वास नाक काही मिनिटांत हिशेबातून काढून टाकतं. काही नवीन जळलं, नासलं तर ते कळावं म्हणून त्याला जागा मोकळी हवी असते. शरीराच्या दृष्टीने शहाणपण आहे, पैसे मोजणाऱ्याच्या दृष्टीने नाही. त्यात मेणबत्तीचा स्वभावच असा की वास एकदम येत नाही. वातीभोवतीचं मेण वितळतं, त्याचं छोटं तळं होतं, ते कडेकडे पसरतं, आणि खोलीत येणारा सुगंध मुख्यतः त्या तळ्याच्या पृष्ठभागावरून उडतो. ज्योतीत गेलेलं सुगंधी तेल मेणाबरोबर जळून जातं. म्हणजे नाक ताजं असतं तेव्हा मेण घट्ट, आणि मेण रंगात येतं तोवर शेजारी बसलेलं नाक बधिर.

मग बसले हिशेब करत. भांडं १९० ग्रॅमचं. चांगल्या मेणबत्तीत सुगंधी तेल साधारण ६ ते १० टक्के असतं. ८ धरले तर १५ ग्रॅम. बाकी सगळं मेण. साठ तास जळते असं खोक्यावर लिहिलंय, म्हणजे तासाला ३ ग्रॅमहून थोडं जास्त मेण आणि त्यात पाव ग्रॅम सुगंध. त्या पाव ग्रॅमसाठी एवढा जीव टांगणीला!

वैशाली म्हणते, जास्त तेलाची घे. तसं होत नाही. मेण ठरावीक प्रमाणापर्यंतच तेल धरून ठेवतं. त्याच्यावर घातलं की पृष्ठभागावर थेंब सुटतात, वात तुंबते, ज्योत एकतर मिणमिणते नाहीतर धूर ओकते. वासही वाढत नाही.

निवडतानाच आपण थोडे फसतो, असं मला वाटायला लागलंय. दुकानात हुंगतो ते थंड मेण. पेटल्यावरचा वास वेगळा असतो. थंड मेणाला नाक टेकवण्यापेक्षा झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्यावा, तो जरा खरा असतो. लिंबू, संत्रं, पुदिना हे पहिल्या भेटीत जिंकतात आणि लवकर उडून जातात. चंदन, देवदार, ऊद, व्हॅनिला जड असतात, ते मागे रेंगाळतात. एका वेळी तीन-चारांपेक्षा जास्त हुंगू नयेत. मधे कॉफीच्या बिया हुंगायला देतात, पण तो आणखी एक वासच झाला. त्यापेक्षा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावावं.

नावांवर तर मुळीच जाऊ नये. पॅरिसच्या दिप्तिक या सुगंधवाल्या कंपनीने १९६३ मध्ये पहिल्या मेणबत्त्या काढल्या त्या चहा, दालचिनी आणि हॉथॉर्नच्या फुलांच्या वासाच्या. वाचलं की नाकाला कळावं, असे. हल्ली खोक्यावर 'मखमली मध्यरात्र' असतं, आता मध्यरात्रीला कसला वास असतो ते त्यांनाच ठाऊक. 'सोया ब्लेंड', म्हणजे सोयाबीनच्या मेणाचं मिश्रण, असं लिहिलेलं असलं की त्यात पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासूनचं मेणही असू शकतं, हे लक्षात ठेवलं म्हणजे झालं. पॅराफिनला उगाच नावं ठेवू नयेत, सुगंध ते मोकळेपणाने सोडतं. काजळी धरते ती बहुतेकदा लांब वातीमुळे आणि वाऱ्यामुळे. मी आधी बघते ती वात. ती भांड्याच्या मधोमध हवी, आणि भांडं १० सेंटिमीटरहून रुंद असेल तर एका वातीच्या भरवशावर राहू नये.

आईच्या खोलीसाठी मोगऱ्याची घ्यायचं मनात होतं. तिला हल्ली... असो.

परत तेच. मला का येऊ नये?

करायचं ते सगळं नीट केलेलं असतं, म्हणून जास्त लागतं. पहिल्यांदा लावताना वितळलेलं मेण काचेच्या कडेपर्यंत पोचेतो विझवायची नाही. व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला एक तास, म्हणजे ८ सेंटिमीटरच्या भांड्याला तीन तासांहून थोडं जास्त. घाईने विझवली तर मधे खड्डा पडतो, पुढच्या वेळी मेण त्या खड्ड्यातच वितळतं आणि कडेचं मेण, त्यातल्या सुगंधासकट, तसंच राहतं. पडलाच खड्डा तर ॲल्युमिनियम फॉइलची कड भांड्याच्या तोंडावर आतल्या बाजूला झुकवून लावायची, मधे ज्योतीपुरतं मोठं भोक ठेवायचं आणि तासभर जवळ बसून जळू द्यायची. उष्णता कडेला अडते, मेण सपाट होतं. फॉइल नंतर गार झाल्यावरच काढायची. चार तासांच्या वर मात्र सलग ठेवायची नाही. वातीच्या टोकाला काजळीचा गोळा धरतो, काच तापते. दर वेळी लावण्याआधी वात कातरून ५ मिलिमीटर ठेवायची, कातरलेला तुकडा मेणात पडू द्यायचा नाही. पंखा बंद, पडदा लांब. विझवताना फुंकर नको, त्या पांढऱ्या धुराने सगळा सुगंध झाकला जातो. चिमट्याने वात वितळलेल्या मेणात बुडवायची आणि लगेच सरळ उभी करायची.

इतकं करून सुख दारातल्या माणसाला. बरं, मग दारातलं माणूस आपणच व्हावं! वैशाली गेल्यावर मी मेणबत्ती विझवली, गच्चीत वाळत घातलेले कपडे काढायला गेले, सावकाश घड्या घातल्या आणि खाली आले. दार उघडलं. आला! देवदार, त्याच्यामागे किंचित धुरकट काहीतरी. मिनिटभर. मग गेला.

म्हणजे घरातला सगळ्यात महागडा वास अनुभवायचा तर घराबाहेर पडावं लागतं. ठीक आहे. आता बसायच्या खोलीत पेटती ठेवून शेजारी ठाण मांडायचं नाही. जिथे अधूनमधून जाणं होतं तिथे, बाहेरून नजर राहील अशी, तास-दीड तास लावायची, विझवायची आणि मग खोलीत शिरायचं. पेटलेली असताना मात्र नजरेआड करायची नाही, एवढं पथ्य. आणि दोन वेगळ्या जातीचे वास घरात ठेवायचे, आज लाकडाचा तर उद्या फुलाचा, कारण नाक विटतं ते बहुतांशी त्याच एका वासाला.

तळाशी १ सेंटिमीटर मेण उरलं की ती संपली असं समजायचं. त्याखाली जाळली तर काच तडकू शकते. भांडं काही तास फ्रीझरमध्ये ठेवलं की मेण आकसतं आणि सुरीच्या टोकाने चकतीसारखं सुटून येतं. ते कागदात गुंडाळून, वर कापडी पिशवी घालून, शालींच्या खणात ठेवायचं. तिथे मला येतो वास. तो खण मी क्वचितच उघडते.