तेलाची पिशवी आणि आईची बरणी

आमच्याकडे तेलाची एक स्टीलची बरणी आहे, आईची, जुनी, बरोब्बर लिटरची एक पिशवी मावेल एवढी. गेल्या महिन्यात मी नवीन पिशवी आणली, तिने ओतली आणि म्हणाली, अगं कुठे सांडलंस का, बोटभर कमी भरलीये. म्हटलं काहीतरीच काय, तुझ्यासमोर तर कापली! मग कचऱ्याच्या डब्यातून पिशवी काढून, चष्मा लावून वाचलं तर 850 ग्रॅम. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. पिशवी दिसायला तेवढीच, रंग तोच, त्यावरचं सूर्यफूलही तेच, आणि मी बिनधास्त लिटर समजून उचललेली.

बरं, यात बेकायदेशीर काहीच नाही, त्याचाच जास्त राग आला. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं वगैरे 19 वस्तू ठरलेल्या वजनातच पॅक कराव्या लागायच्या, 2021 मध्ये केंद्राने तो नियमच काढून टाकला. बदल्यात काय, तर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतात ते पाकिटावर छापायचं. ऐकायला छान वाटतं. पण पाकीट किलोच्या आतलं असेल तर भाव ग्रॅमचा आणि वरचं असेल तर किलोचा, म्हणजे एकावर 0.22 रुपये आणि दुसऱ्यावर 215 रुपये, आता भर गर्दीत ट्रॉली आडवी लावून गुणाकार कोण करत बसणार? आणि केला तरी पॉइंटच्या पुढे दोनच आकडे, किलोला 215 असो की 224, दोन्हीकडे 0.22च दिसणार. त्यात तो भाव काढलेला एमआरपीवरून, सुपरमार्केटात एमआरपीला विकतं कोण?

माझ्या पिशवीवर एमआरपी 190 होती, रॅकवर पिवळी पट्टी, ‘फक्त 145’. शेजारी लिटरवाली 152. सात रुपये वाचले म्हणून मी खूश! घरी मोबाईलवर हिशोब केला तर माझी किलोला जवळजवळ 171 पडली आणि लिटरवाली 167.

(फ्रीजरमधल्या ‘फ्रोझन डेझर्ट’चं तर बोलूच नका, आइस्क्रीम म्हणून आणायचं आणि दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल खायचं. तिथेही तेलच!)

नवरा म्हणाला, 1915 ला फोन लाव, ग्राहक हेल्पलाइन आहे. अरे पण सांगू काय? वजन छापलंय, भाव छापलाय, मीच वाचलं नाही. कंपन्यांना माहितीच असतं ना आपण वाचत नाही ते, एवढ्या बारीक अक्षरात उगाच छापतात का.

आता दुकानात शिरले की आधी वजन बघते, मग किंमत, त्यामुळे मागच्या लोकांच्या ट्रॉल्या माझ्या टाचांना लागतात. आईने मात्र परवा भांड्यांच्या दुकानातून नवी बरणी आणली, जुनीपेक्षा लहान. म्हणाली, निदान भरलेली तरी दिसेल.