रजेवरच्या माणसाला केलेला फोन

फोन जेमतेम पाच मिनिटांचा होता. ऑगस्टमधला बुधवार, रात्रीचे पावणेनऊ, आणि टेस्ट बेंचवरचं, म्हणजे चाचणीच्या यंत्रणेवरचं, एक सेटिंग काही केल्या जमत नव्हतं. ज्याला ते येतं तो सहकारी तीन आठवड्यांच्या रजेवर गेलेला. मी त्याला फोन लावला, आधी माफी मागितली आणि मग प्रश्न विचारला. मागे लहान मुलांचा आणि पाण्याचा आवाज येत होता. त्याने शांतपणे सांगितलं, काम झालं, गुरुवारी सकाळी रिपोर्ट वेळेवर गेला. रिपोर्टसोबतच्या मेलमध्ये मी त्याचे मनापासून आभारही मानले.

सोमवारी मॅनेजरने बोलावलं. इथे जर्मनीत, श्टुटगार्टला, आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात, म्हणजे सरळ 'तू', मग समोरचा कितीही वरचा असो. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तू त्याला रजेवर असताना फोन केलास?" हो म्हटलं, पाचच मिनिटं. "मिनिटांचा प्रश्न नाही. ती गोष्ट टीममध्ये एकाच माणसाला माहीत आहे, हे तुला त्या बुधवारी कळलं. टीम लीड तू आहेस. तुला ते जूनमध्ये कळायला हवं होतं."

आधी रागच आला. काम अडलं होतं, मी ते सोडवलं, वेळ पाळली, आणि बोलणी मलाच! आपल्याकडे असा फोन केला नसता तर उलट विचारलं असतं, "अहो, एक फोन करायला काय झालं होतं?" घरी येऊन नवऱ्याला तावातावाने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर बोलला तो." मग त्याच्यावरही चिडले.

पण त्या रात्री झोप लागेना, कारण दुसराच एक फोन आठवत राहिला. दहा वर्षांपूर्वी आईचं ऑपरेशन होतं. तिला आत नेलं तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये, जिन्याजवळच्या खिडकीपाशी, फोन कानाला लावून उभी होते. क्लायंटच्या कॉलवर कुणीतरी आकडे विचारत होतं आणि ते फक्त मला माहीत होते. चाळीस मिनिटं बोलले. पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं, अशा प्रसंगातही किती जबाबदारीने वागली म्हणून. वर्षभरात बढती मिळाली. ती गोष्ट मी नंतर मुलाखतींमध्ये अभिमानाने सांगितली आहे.

परवा आईला विचारलं, तुला तो दिवस आठवतो का? ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी हात धरला होता. तू फोनवर होतीस ना." तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. तिच्या लेखी तसंच असतं, लेकीला काम असतं. मला मात्र पुढे काही बोलता येईना.

म्हणून ही पोस्ट.

इथल्या कायद्याचं मला पूर्वी फारसं कौतुक नव्हतं. कामाच्या वेळेचा कायदा १९९४ चा आहे. दिवसाला ८ तास काम, फार तर १० तास, पण काही महिन्यांत सरासरी ८ वर आलीच पाहिजे. आज काम संपलं की उद्या सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती. रजेचा कायदा तर १९६३ चा. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा. रजेत आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला आणलात, तर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चक्क फसवणूक वाटली होती! पण त्याच कायद्यातली आणखी एक तरतूद मला आता सगळ्यात शहाणपणाची वाटते. रजा शक्यतो सलग द्यायची, आणि तुकडे करावेच लागले तर त्यातला एक तुकडा सलग दोन आठवड्यांचा हवा. सोमवार-शुक्रवार जोडून चार चार दिवस घेत वर्ष काढणं म्हणजे विश्रांती नाही, हे साठ वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर लिहून ठेवलंय.

या दोन आठवड्यांचा परिणाम रजेवर जाणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्यांवर जास्त होतो, हे मला लीड झाल्यावर कळलं. चार दिवस कुणी नसलं तर काम थांबवून ठेवता येतं. दोन आठवडे थांबवता येत नाही. मग ते दुसऱ्याला शिकवावंच लागतं. इथे रजेच्या ऑटोमॅटिक मेलमध्ये 'फरट्रेटुंग'चं, म्हणजे बदली माणसाचं, नाव लिहिलेलं असतं. या शहरातल्या डाइमलरने, म्हणजे मर्सिडीज गाड्या बनवणाऱ्या कंपनीने, २०१४ साली याच्याही पुढे पाऊल टाकलं. रजेवरच्या माणसाला आलेली मेल आपोआप डिलीट होते आणि पाठवणाऱ्याला बदली माणसाचं नाव कळतं, अशी सोय त्यांनी केली. परत आल्यावर इनबॉक्स रिकामा. फोक्सवागनने तर २०११ मध्येच कामगार प्रतिनिधींशी करार करून शिफ्टनंतर अर्ध्या तासाने काही कर्मचाऱ्यांच्या कंपनीच्या फोनवर मेल पोहोचवणं बंद केलं होतं. आमच्याकडे इतकं काही नाही. मॅनेजरचा तो एक प्रश्न आहे, पण तो पुरतो.

त्यानंतर मी हँडओव्हरची पद्धत बदलली. पूर्वी जाणारा माणूस शेवटच्या दिवशी तासभर भराभर बोलायचा आणि ऐकणारा माना डोलवायचा. आता रजेच्या आदल्या आठवड्यात अर्धा दिवस बदली माणूस स्वतः खुर्चीत बसतो आणि काम करतो. जाणारा मागे उभा राहतो, आणि माउसला हात लावायचा नाही हा नियम. जिथे त्याला राहवत नाही आणि तो पुढे वाकतो, नेमकी तीच जागा फाइलमध्ये लिहिलेली नसते. मग ती तिथल्या तिथे लिहायची. पहिल्याच वेळी अशा अकरा जागा निघाल्या. त्यातली एक म्हणजे बेंचचा पॉवर सप्लाय बंद करून वीस सेकंद थांबायचं, मगच चालू करायचं. हे वीस सेकंद एका माणसाच्या डोक्यात तीन वर्षं होते.

याचा दुसरा फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. आमच्याकडे एक अबोल मुलगी आहे, मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाही. बदली म्हणून तीन आठवडे बसली आणि तिला काय काय येतं ते सगळ्यांना दिसलं. तिच्यासाठी कुणाला शिफारस करावी लागली नाही.

आणि माझी रजा. नोकरीच्या सतरा वर्षांत पहिल्यांदा मी सलग तीन आठवडे घेतले. ऑफिसचा फोन कपाटात ठेवला, दुसऱ्या रात्री काढला, परत ठेवला. पहिला आठवडा वाईट गेला. कुणालाच आपली गरज पडत नाहीये ही भावना फार बोचते. इतकी वर्षं ज्याला मी जबाबदारी म्हणत होते, त्यात आपल्यावाचून अडावं ही इच्छा किती होती, ते त्या आठवड्यात कळलं. दुसऱ्या आठवड्यात लेक म्हणाली, "आई, तू आज पूर्ण गोष्ट ऐकलीस." तिने कुठली गोष्ट सांगितली होती ते मला आजही अथपासून इतिपर्यंत सांगता येईल.

परत आले तर टीमने एक निर्णय माझ्यापेक्षा वेगळा घेतलेला. मला तो पटला नव्हता, अजूनही पूर्ण पटलेला नाही. पण तो मोडला नाही. वर्षअखेरच्या बैठकीत मॅनेजरने विचारलं, "तुझ्याशिवाय आता काय काय चालतं?" आधीच्या नोकरीत असं कुणी विचारलं असतं तर मला घामच फुटला असता. या वेळी माझ्याकडे यादी होती.

इथलं सगळंच छान आहे असं म्हणत नाही. एका सरकारी कार्यालयात माझा कागद संपूर्ण ऑगस्ट पडून होता, कारण संबंधित बाई रजेवर, आणि बदली माणूस शांतपणे सांगत होता, "ते माझ्या अधिकारात नाही." पद्धत कागदावर असते आणि माणुसकी कुठेतरी राहून जाते, तेव्हा आपली माणसं फार आठवतात. अडलेल्या माणसाला 'पुढच्या महिन्यात या' म्हणताना आपल्याला जड जातं, आणि तसंच जावं. तो कॉरिडॉरमधला कॉलही तेव्हा मी टाळू शकले असते असं मला वाटत नाही. घरात माझाच पगार होता, बढतीमुळे आईची पुढची औषधं सोपी झाली, आणि इथवर येण्याचा रस्ता त्याच बढतीतून निघाला. कॉरिडॉरमधल्या त्या मुलीला, म्हणजे तेव्हाच्या मला, आज मी दोष देणार नाही. पण ते आकडे फक्त तिलाच माहीत होते, हे तिच्या वरच्या माणसाला आधी कळायला हवं होतं, असं आता वाटतं. आणि त्याच्या वरच्याला.

या ऑगस्टमध्ये बेंचवाला सहकारी पुन्हा रजेवर गेला. दुसऱ्याच आठवड्यात बेंच अडला, गुरुवारी दुपारी. बदलीवर बसलेल्या मुलाने फाइल उघडली, तासभर शोधलं. त्यात उत्तर नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला. माझ्याकडे नंबर होता. मी क्लायंटला मेल लिहिली की रिपोर्ट सोमवारी मिळेल. शुक्रवारी दुपारपर्यंत त्या मुलाने स्वतःच तोडगा काढला, आणि घरी जायच्या आधी फाइलमध्ये बारावी ओळ लिहिली.