कोरफड जेल घट्ट कशामुळे?

मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ वर गेला की आमच्याकडे कोरफड जेलची डबी फ्रिजमधेच मुक्कामाला असते. परवा आई म्हणाली, काय गं, कुंडीतल्या कोरफडीचा गर तर लगेच पाणी सोडतो, मग हे एवढं घट्ट कसं? डबी उलटी करून दाखवली, मागे लिहिलेलं होतं कार्बोमर. म्हणजे पॉलीअ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना बांधलेल्या, पांढरी भुरभुरीत पावडर, पाण्यात टाकली तर नुसतं पातळ आंबट पाणी, पण त्यात जरासा अल्कली, म्हणजे आंबटपणा मारणारा पदार्थ, घातला की साखळ्यांवर ऋण भार येतो, त्या एकमेकींना ढकलत ताणल्या जातात आणि सगळं घट्ट! पिठल्याला वाटीभर बेसन लागतं, इथे १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅमसुद्धा पुरतो, मला तर हे फारच भारी वाटतं.

मग आईच्या तळहातावर थोडं जेल घेऊन वर चिमूटभर मीठ टाकलं. बघता बघता पाणी. घामेजल्या चेहऱ्यावर जेल ओघळतं ते याच्यामुळेच, घामात मीठच असतं ना.

आणि केमिकल आहे म्हणून घाबरू नका, हे रेणू इतके मोठे असतात की त्वचेवरच राहतात.

आई आता आधी तोंड धुते, पुसते, मगच डबी उघडते.