डिकीत गेलेली किल्ली

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी बडोद्याच्या खंडेराव मार्केटबाहेर मी डिकी उघडली, पिशव्या कोंबल्या, दुर्वा चेंगरू नयेत म्हणून जुडी अलगद नारळावर ठेवली. शेजारीच किल्लीही ठेवली. धाप्! डिकी बंद. दारं आधीच लावलेली.

"अहो, दुसरी किल्ली?"
"तुझ्या पर्समध्ये."
"आणि पर्स डिकीत ठेवा कोण म्हणालं?"

हल्लीच्या काही गाड्या किल्ली आत राहिली की ओरडतात म्हणे. आमच्याकडे ते खातं सौभाग्यवतींकडे आहे.

चावीवाला आला. दाराच्या फटीत आधी पाचर, मग एक चपटी रबरी पिशवी सारली आणि डॉक्टर रक्तदाब बघताना दाबतात तसा फुगा दाबत राहिला. दार बोटभर सुटलं. त्यातून लांब सळई घालून त्याने खटका वर ओढला. दोन मिनिटांचं काम!

सीटखालचा डिकीचा खटका मी रुबाबात ओढला. काहीच नाही. तिथून एक तार मागे कुलपापर्यंत जाते. आमची दिवाळीपासून तुटलेली. (बघू, बघू, म्हणत मीच टाळलेली.)

शेवटी मागच्या सीटची पाठ पाडली आणि मोबाईलच्या उजेडात मी, वय त्रेसष्ट, भोपळ्याच्या बाजूने आत सरपटलो. बाहेरून सूचना चालूच, "डावीकडे! नारळाजवळ!"

चावीवाला गुजरातीत म्हणाला, "काका, हवे बहार आवो." (आता बाहेर या.)

किल्ली मिळाली. दुर्वांची जुडी मात्र माझ्या कोपराखाली होती.